एक तुकडा कमी

मोठे डॉक्टर, तो फळा तुम्ही पुसायला लावलात.

ऑपरेशन थिएटरच्या भिंतीवरचा काळा फळा. पोट उघडण्याआधी रक्त टिपायच्या गॉजचे तुकडे मोजायचे, आकडा फळ्यावर लिहायचा, आणि पोट शिवण्याआधी पुन्हा मोजायचे. वीस आत गेले तर वीसच बाहेर यायला हवेत. मोजायचं काम माझ्या आईचं. ती तिथली सिस्टर. त्या दुपारी ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "डॉक्टर, एकोणीस. एक कमी आहे."

"पुन्हा मोजा."

"दोनदा मोजले."

"मग मोजायला शिका, सिस्टर. पाच वाजता मला समारंभाला पोचायचंय."

आणि तुम्ही शिवलंत.

आईनं फळ्यावर लिहिलं, 'एक कमी'. हात धुवून परत आली तर फळ्यावर 'वीस' लिहिलेलं. तीन महिन्यांनी त्या पेशंट बाईचं पोट पुन्हा उघडावं लागलं. तुकडा आतच होता. बाई वाचली, एवढंच नशीब. मग चौकशी. नोंदवहीत वीस, खाली दुसऱ्या सिस्टरची सही. निकाल काय, तर सिस्टरची मोजणी चुकली.

ती दुसरी सिस्टर म्हणजे बारकी. सगळं हॉस्पिटल तिला बारकीच म्हणायचं. आईची जिवाभावाची मैत्रीण. चर्चमध्ये दोघी एकाच बाकावर, एकाच पुस्तकातून गायच्या. बारकी बेसूर, आई तिला कोपरानं ढोसायची.

आईला थिएटरमधून काढून कापडखोलीत टाकलं. खरं सांगते, मला ती खोली आवडायची. शाळा सुटली की मी तिथंच. इस्त्रीतून आलेल्या चादरींच्या गरम चळतीला पाठ लावून मी अभ्यास करायचे, म्हणजे झोपायचे. चादरीची घडी खरं तर दोघींनी घालायची. आई एकटी. मधला भाग हनुवटीखाली दाबायची आणि हात पसरायची. "देवानं मला हनुवटी लांब का दिली ते आत्ता कळलं," म्हणायची. आजही कुठं ताज्या इस्त्रीचा वास आला की मी नऊ वर्षांची होते.

पण महिन्याचा पहिला रविवार आला की माझा जीव खालीवर व्हायचा. त्या दिवशी प्रभुभोजन. सगळे रांगेनं पुढं जाणार, भाकर आणि द्राक्षारस घेणार, आणि आई बाकावर बसून राहणार. लोकांना वाट द्यायला गुडघे बाजूला करणार. एक नाही, दोन नाही, अकरा वर्षं. मंडळीनं अर्थ लावायचा तो लावलाच.

"पाप बोचतंय, दुसरं काय!"

चर्चचे पाळकही एकदा घरी येऊन म्हणाले, "कबूल करून टाका बाई, हलकं वाटेल." आईनं त्यांना चहा दिला आणि हवापाण्याच्या गप्पा मारल्या.

मी भांडले. "एकदा जाऊन ये ना पुढं! लोक तुला चोर ठरवतायत."

"ठरवू देत. बारकी दिसली की माझ्या मनात आग पेटते. ती आग घेऊन तिथं हात पुढं करू? लोकांना फसवता येईल गं. जेवायला बोलावणाऱ्याला कसं फसवायचं?"

आणि बारकी? ती दर महिन्याला पुढं जायची. मान खाली घालून, पण जायची.

अकराव्या वर्षी बारकीचे हात थरथरायला लागले. थिएटरमध्ये असे हात चालत नाहीत. दोन ओळींची चिठ्ठी देऊन तुम्ही तिलाही कापडखोलीत पाठवलंत. ती दारात आली तेव्हा मी आईचा डबा घेऊन आले होते.

"ताई, मलाही इथंच टाकलं."

आईनं मान वर केली नाही. "मग उभी का? चादर हातातून पडली तर कोणी मरत नाही. ये."

"आई, हिला तू आत घेतेस?" मी म्हणाले.

"तू गप."

बारकीला ओठांवर आलेलं आवरेना. "ताई, त्या दिवशी तो फळा..."

"तू पुसलास. तुझ्या उजव्या बाहीला खडू होता."

बारकी स्टुलावर बसली. "तुला ठाऊक होतं? मग चौकशीत बोलली का नाहीस?"

"तुझी आई अंथरुणाला खिळलेली, भाऊ हा असा बिनकमाईचा. मी बोलले असते तर तुम्ही तिघं रस्त्यावर."

"म्हणजे तेव्हाच मला माफ केलं होतंस?"

"कसली माफी! गप्प बसले होते फक्त. मनात तुला शिव्या घालत गप्प बसले होते." आईनं चादर झटकली. "रोज प्रभूकडं मागत होते, हिला क्षमा करायला बळ दे. मिळत नव्हतं. आज सकाळी तुझी बदली कळली आणि आधी बरं वाटलं. जिरली म्हटलं. मग स्वतःचीच लाज वाटली." ती थांबली. "केली तुला क्षमा, बारके. त्याच्या नावानं केली. माझ्या जिवावर जमली नसती. रडतेस काय? कोपरे धर."

दोघी चादर धरून उभ्या राहिल्या. जवळ आल्या, लांब गेल्या, पुन्हा जवळ आल्या. बारकीच्या हातांची थरथर चादरीतून आईच्या हातांपर्यंत पोचत होती.

पुढच्या पहिल्या रविवारी आई बाकावरून उठली. रांगेत कुजबुज झाली, "अखेर कबूल केलं वाटतं." बारकी मागं वळली. चर्चमध्ये मी तिचा एवढा मोठा आवाज कधी ऐकला नव्हता.

"कबूल मी केलंय! फळा मी पुसला. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून पुसला. हिची मोजणी बरोबर होती."

पाळकांच्या हातातली भाकर तशीच राहिली. आई म्हणाली, "बारके, पुढं सरक. लोक खोळंबलेत."

आता दोघीही नाहीत. जाण्याआधी आई मला म्हणाली होती, "मोठ्या डॉक्टरांनाही मी क्षमा केली. मात्र त्यांना सांगायला जाऊ नकोस, उगाच तोरा दिसेल." तिचं सगळं ऐकलं, एवढं एक ऐकत नाही. तिची क्षमा मी परत मागत नाही. ती तिनं दिली, ती तुमची झाली. पण हॉस्पिटलच्या कागदावर अजून लिहिलंय, सिस्टरची मोजणी चुकली. तुम्ही निवृत्त आहात. तुम्हाला शिक्षा करणारं कोणी उरलेलं नाही, आणि जिला अधिकार होता तिनं माफ केलंय. मग आता भीती कसली?

बोला, डॉक्टर. माझ्या आईनं बरोबर मोजलं होतं की नाही?