ब्रेकमधली हवा

तिने पान्यावर दोन्ही हातांचा जोर टाकला, तेव्हा कुठे ब्रेकचा शेवटचा बोल्ट कुरकुरत सुटला. पुढचं डावं चाक काढून भिंतीला टेकवलेलं होतं आणि गाडी लोखंडी घोडीवर उभी होती.

"घाई नको," शेजारी स्टुलावर बसलेले बाबा म्हणाले.

चाळीस वर्षं त्यांनी गॅरेज चालवलं होतं. आता हात थरथरायचे. डोळेही पूर्वीसारखे राहिले नव्हते, पण ते घरात कोणी बोलून दाखवत नसे. ब्रेक वाजतो म्हणून पंधरा दिवसांपूर्वी त्यांनीच हे चाक तपासलं होतं. "पॅड झिजलेत, बाकी ठणठणीत," असं निदानही करून टाकलं होतं.

उद्यापासून ती लेकीला शेजारी बसवून रोज चाळीस किलोमीटरवरच्या शाळेत शिकवायला जाणार होती. ‘माझी लेक ज्या गाडीत बसणार, तिचे ब्रेक मी बसवणार,’ असं तिने जाहीर केलं, तेव्हा बाबा नुसते हसले होते.

जुने पॅड निघाले. नवे बसवण्याआधी तिने ब्रेकच्या रबरी पाइपवरून बोट फिरवलं. जिथे तो वळत होता, तिथे बोट थांबलं. तिने पाइप किंचित वाकवला. केसाएवढी चीर उघडली, आत ओल होती.

तिने त्याच जागेवरून पुन्हा बोट फिरवलं.

"काय गं?"

"काही नाही. उघडलंच आहे तर पाइपही बदलू या. जुना झालाय."

"ठणठणीत पाइप कशाला बदलायचा?"

बाबा गुडघ्यावर हात टेकत उठले, तिच्याजवळ खाली बसले. डोळे बारीक करून त्यांनी पाइपकडे पाहिलं. मग अंगठ्याने तो चाचपला, एकदा, पुन्हा एकदा. अंगठा ओला झाला. तो त्यांनी पँटला पुसला.

"आण नवा," ते म्हणाले.

कोपऱ्यावरच्या दुकानातून तिने पाइप आणला, बसवला. नवे पॅडही लागले. पाइप बदलताना आत शिरलेली हवा तेवढी काढायची राहिली. त्यासाठी एकाने गाडीत बसून ब्रेक दाबून धरायचा आणि दुसऱ्याने खाली चाकापाशी स्क्रू सोडायचा. स्क्रू पुन्हा आवळेपर्यंत पाय हलवायचा नाही. गॅरेजमध्ये पाय दाबायचं काम नवशिक्याकडे असायचं.

बाबा आपणहून गाडीत जाऊन बसले.

"दाबा."

त्यांनी दाबला. तिने स्क्रू सोडला, तसे ब्रेकच्या तेलाबरोबर बुडबुडे बाहेर आले.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे वकील जिना उतरून आले. त्यांच्या गाडीचं दुखणं आजवर कधी बाबांशिवाय कुणाच्या हाती गेलं नव्हतं.

"बरे सापडलात! ब्रेक मारला की माझी गाडी एका बाजूला ओढते. जरा येता का बघायला?"

"मला पाय हलवायची परवानगी नाही," बाबा म्हणाले.

वकील हसले. बाबा हसले नाहीत.

"वकीलसाहेब, हा पाइप पंधरा दिवसांपूर्वी मीच बघून पास केला होता. फुटायला आला होता, मला दिसलं नाही. हिला दिसलं. वर बापाला वाईट वाटेल म्हणून बोलली नाही." त्यांचा आवाज वरच्या गॅलरीपर्यंत ऐकू जाईल इतका खणखणीत होता. "तुमची गाडी आता हिला दाखवा."

खाली चाकापाशी तिने मान वर केली नाही. ओघळणाऱ्या तेलात आता एकही बुडबुडा नव्हता. तिने स्क्रू आवळला, पुन्हा एकदा पाना लावून खात्री केली.

"सोडा, बाबा."

बाबांनी पाय उचलला.

वकील अवघडून उभे होते. ही फ्रॉकमध्ये असल्यापासून ते तिला ओळखत होते. शेवटी ते चाकापाशी वाकले.

"मग... गाडी कधी आणू म्हणता?"




"आधी सांगा," हात पुसत ती म्हणाली, "ओढते ती डावीकडे की उजवीकडे?"

वकील विचारात पडले. गाडीत, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून, बाबा तिच्या पुढच्या प्रश्नाची वाट पाहत बसले होते.