वर्तुळ खाणारा बोर्ड

ज्या सोमवारी नववीच्या वर्गातला जुना फळा उतरवून तिथे चकचकीत डिजिटल बोर्ड चढवला, त्याच सोमवारी भूमितीच्या बाईंनी त्यावर एक वर्तुळ काढलं आणि बोर्डाने ते खाल्लं.

खाल्लं म्हणजे अक्षरशः खाल्लं! इकडून बाई रेघ ओढतायत आणि तिकडून रेघ गायब. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, तसा प्रकार. शेवटी बोर्डावर उरली कापलेल्या नखाएवढी एक कोर.

आता या बाई म्हणजे कोणी साध्यासुध्या बाई नव्हेत. अख्खी शाळा त्यांना कंपासबाई म्हणते. हातात नुसता खडू घेऊन त्या असं वर्तुळ काढायच्या की कंपासने मान खाली घालावी. वरच्या वर्गातली मुलं मधल्या सुट्टीत खिडकीशी येऊन ते बघायची. आणि त्याच बाईंच्या वर्तुळाची ही दशा!

"बाई, चंद्रग्रहण शिकवताय का?" पहिल्या बाकावरून आवाज आला. आवाज रेडिओचा होता. रेडिओ म्हणजे वर्गातली अशी मुलगी, जिचं बटण आजवर कुणालाच सापडलेलं नाही.

"तोंड बंद," बाई म्हणाल्या आणि त्यांनी दुसरं वर्तुळ काढलं. तेही गेलं. तिसरं गेलं. चौथ्याला तर बाईंनी आधीच बजावलं, "हे बघ, आता जर गेलंस ना..." आणि ते गेलं. वर्ग हसून हसून लोळायला आला.

बाईंनी बोर्ड बसवणाऱ्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, बंद करून चालू करा." त्यांनी केलं. "परत बंद करून परत चालू करा." तेही केलं. मग तो म्हणाला, "मॅडम, आमच्याकडून तर सगळं ओके दिसतंय."

"तुम्ही तिकडे घरात बसलाय! तुम्हाला दिसणार काय, कपाळ?"

बाईंची चिडचिड उगाच नव्हती. मोठ्या बाईंनी सकाळीच ऑफिसात बोलावून गोड आवाजात सांगितलं होतं, "शुक्रवारी संस्थेचे पाहुणे तुमचा तास बघायला येतायत. नव्या बोर्डावर जमलं तर उत्तमच. नाहीतर नववीची भूमिती कॉम्प्युटर सरांकडे देऊ, तुम्ही लायब्ररी सांभाळा. तुम्हालाही तेवढीच विश्रांती." विश्रांती! बाईंना लायब्ररीचं वावडं नव्हतं. पण पुस्तकं काही "बाई, कळलं!" असं ओरडत नाहीत.

"रेडिओ, तूच काहीतरी चावटपणा करतेयस. ऊठ, दारात उभी राहा."

"बाई, मी? मी तर हाताची घडी घालून बसलेय!"

"दारात!"

रेडिओ दारात गेली. तिथून बोर्ड बाजूने दिसत होता, आणि बाईंच्या पाठीआड आतापर्यंत लपलेलं सगळं दिसत होतं. पाचवं वर्तुळ सुरू झालं आणि रेडिओ किंचाळली, "बाई, तळहात! तुमचा डावा तळहात! तुम्हीच पुसताय!"

बाई थबकल्या. खरंच, त्यांचा डावा तळहात बोर्डावर सपाट टेकलेला होता. त्याशिवाय त्यांना वर्तुळ येतच नव्हतं. डावा हात टेकायचा, सगळा भार त्याच्यावर टाकायचा आणि उजवा हात खांद्यातून गरकन फिरवायचा. उजवा पुढे गेला की डावा त्याच्यामागे सरकायचा. आणि हा शहाणा बोर्ड तळहाताला डस्टर समजत होता.

"मग हात लावू नका, सोप्पंय!" वर्ग एका सुरात म्हणाला.

सांगायला काय जातंय? बाईंनी डावा हात कमरेवर ठेवला, तर वर्तुळाचा बटाटा झाला. हात पाठीमागे धरला, तर झालं वांगं. डाव्या हातात जुना डस्टर घट्ट धरून बघितला, तर बोर्डाने तोही डस्टर म्हणून ओळखला आणि दुप्पट पुसलं. शेवटी रेडिओ म्हणाली, "बाई, मी धरते तुमचा हात," आणि बाईंना लहान मुलीसारखं धरून उभी राहिली. बाईंनी उजवा हात कपाळाला लावला.

"बाई, तो पण हात तिथेच राहू द्या. बोर्डापासून लांब आहे."

घरी बाई फ्रिजच्या दारावर सराव करत होत्या. डावा हात मागे, उजवा हात हवेत गोल गोल. सासूबाई दारात येऊन बराच वेळ बघत राहिल्या. "सूनबाई, फ्रिज बिघडलाय, का तू?" उजवा हात गोल फिरवता फिरवता बाईंचा डावा तळहात फ्रिजवर कधी येऊन बसला, त्यांना कळलंही नव्हतं. पालथ्या घड्यावर पाणी!

शुक्रवारी पाहुणे मागच्या बाकांवर गुडघे दुमडून बसले. शेजारी मोठ्या बाई, आणि त्यांच्या शेजारी कॉम्प्युटर सर, इस्त्री केलेल्या शर्टात, जणू लग्नालाच आलेत. बाईंनी पेन उचललं. वर्तुळ सुरू झालं, छान चाललं होतं, अगदी अर्धं झालं, आणि तळहात टेकला. वर्तुळ पुसलं गेलं. एक पाहुणे खोकल्यासारखं हसले. कॉम्प्युटर सर अर्धे उठले. "मॅडम, मी येऊ का मदतीला?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बोर्डाचा राग, सरांचा राग, सगळ्यात जास्त राग स्वतःच्या हाताचा. त्यांनी पेन पहिल्या बाकावर आपटलं. "रेडिओ! तू काढ. मला नाही जमत."

वर्ग चिडीचूप. रेडिओसुद्धा! ती उठली आणि तिने बोर्डावर एक असा बटाटा काढला की त्याला कोंब फुटायचेच बाकी होते.

"हे वर्तुळ आहे?" बाई खेकसल्या.

"नाही, बाई."

"का नाही? 'दिसत नाही' हे उत्तर नकोय मला. का नाही?"

कुणी म्हणालं वाकडं आहे, कुणी म्हणालं लठ्ठ आहे. बाई वैतागून म्हणाल्या, "लठ्ठ माणूस माणूस नसतो का? नीट सांगा!" तेव्हा कधीच न बोलणारी एक मुलगी पुटपुटली, "मधून कडेपर्यंतचं अंतर सगळीकडे सारखं नाहीये."

"मोठ्याने!"

तिने मोठ्याने सांगितलं. "मग सारखं करून दाखवा," बाई म्हणाल्या आणि दोन्ही हात मागे बांधून थेट खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. एकाने बुटाची नाडी काढली. रेडिओने तिचं एक टोक बोर्डाच्या मधोमध बोटाने दाबलं, दुसऱ्या टोकाला पेन. नाडी ताणून एकाने टिंब दिलं, मग दुसरीने, मग भांडत भांडत, रांग मोडत सगळ्यांनीच. "नाडी ढिली सोडू नकोस रे!" "तू ढकललंस म्हणून!" टिंबं दाटत गेली आणि बघता बघता बोर्डावर एक गोल उभा राहिला. थोडा खडबडीत, पण गोल.

"बाई, कळलं!" कुणीतरी ओरडलं. मग अजून कुणीतरी.

तास संपल्यावर मोठ्या बाई म्हणाल्या, "पण तुम्ही स्वतः तर बोर्डावर काहीच काढलं नाहीत."

"नाही काढलं," बाई म्हणाल्या. हे म्हणताना त्यांना आतून टोचलंच. खडूचं ते वर्तुळ आता पुन्हा होणार नव्हतं.

पाहुण्यांनी बाकातून गुडघे सोडवले. "नववी यांच्याकडेच ठेवा. काय गोंगाट होता हो! आमच्या वेळी भूमितीला आम्ही झोपायचो."

बाईंच्या जिवात जीव आला. पण तो नीट टेकायच्या आतच मोठ्या बाई म्हणाल्या, "आणि आता सगळ्या वर्गांत हे बोर्ड येणार आहेत. तर बाकीच्या शिक्षकांना तुम्हीच शिकवा बरं का. सोमवारपासून."

"मी?"

"बाई, मी येते ना मदतीला!" रेडिओ म्हणाली.

बाईंनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा बोर्डाकडे. "ये," त्या म्हणाल्या. "दुसरं करणार तरी काय मी?"