भुऱ्याची आंघोळ

मित्रांनो, मी एक जुना टप आहे. तेलाचा ड्रम मधोमध कापला की त्याचे दोन टप होतात, त्यातला मी एक. हिंगणघाटच्या लोहाराने छिन्नीने मला कापलं, कडा ठोकून वळवल्या आणि वडनेरचे बबनराव मला बैलबंडीत टाकून घेऊन आले. वाटलं, आता अंगणात बसायचं, लेकरं आपल्यात डुंबतील. कुठलं काय, रवानगी थेट कपाशीच्या वावरात झाली.

तिथं माझ्यात औषध ओतायचं, पाणी घालून काडीनं ढवळायचं आणि फवारणीच्या पंपात भरायचं. औषध आपलं म्हणायला, अळ्या मारायचं जहाल विष ते. त्याचा वास माझ्या लोखंडात मुरला. पण "टप मजबूत निघाला बाप्पा," असं बबनराव चारचौघांत सांगायचे आणि मला ते ऐकून बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

अठ्ठ्याहत्तर साल असेल. बबनरावांच्या बायकोनं, अनुसयाबाईनं, बाजारातून एक भुरकट कुत्रा आणला. त्याचं नाव भुऱ्या ठेवलं. कुण्या हॉटेलवाल्यानं त्याच्या पाठीवर उकळतं पाणी फेकलं होतं, तिथं केस उगवलेच नव्हते. पाणी भरायचा पितळी गुंड नुसता दिसला तरी हा बंडीखाली दडायचा. त्यात अंगभर गोचीड.

सासू रुख्माबाई तोंडाची फटकळ. "गोचीड घरभर होतीन," ती म्हणाली. "आंघोळ घालून साफ कर त्याले. नाई तं जिथून आणला तिथं सोडून ये."

"घालतो न मी आंघोळ. पन थोडं दमानं घेजा, आत्याबाई," अनुसयाबाई म्हणाली.

फवारणी सरली होती, मी गोठ्याशी रिकामाच पडलो होतो. तिनं मला राखेनं घासघासून धुतलं, उन्हात वाळवलं. मग माझ्यात पाणी नाही, भाकरीचा तुकडा ठेवला. भुऱ्या लांबूनच वास घेऊन पळाला. बाई चिवट होती. रोज तुकडा ठेवायची आणि बाजूला बसून गहू निवडायची. होता होता एक दिवस त्यानं पुढचे पाय माझ्यात टाकले, मग मागचे. विषाशिवाय काही ठाऊक नसलेल्या माझ्या अंगाला जिवंत पाय लागले. त्या दिवशी मला फार आनंद झाला.

मग भाकरीसोबत ओंजळभर कोमट पाणी आलं, पुढं तांब्याभर. भुऱ्या थरथरायचा, पण उभा राहायचा. आंघोळ एकदाची जमली. गोचीड मात्र चिकटलेलेच. तेवढ्यात शेजारचा तानबा आला.

"साध्या पाण्यानं काय होते? कपाशीचं औषध टाक थोडं. पटापट गळतीन."

"त्याले काई होनार तं नाई?"

"आमी बैलाले लावतो. कुत्र्याले काय होते?"

तिनं बाटली आणली आणि झाकणभर ओतलं. तो वास मी ओळखला. मला तोंड असतं तर ओरडलो असतो, पण लोखंडाला कुठलं तोंड? वास भुऱ्यालाही आला. त्यानं बाहेर पाय टाकला आणि तिच्याकडे पाहिलं.

"उभा राह्य रे बाबू, झालंच," ती म्हणाली. तो पाय आत घेऊन उभा राहिला. पळाला असता तर वाचला असता.

गोचीड खरंच गळले. रुख्माबाईनं आपल्या हातानं ओसरीवर पोतं अंथरून दिलं. भुऱ्या त्यावर बसून ओलं अंग चाटत राहिला.

ऊन कलल्यावर त्याच्या तोंडाला फेस आला, पाय झटकू लागले. एरवी घाबरला की बंडीखाली शिरणारा तो जीव, त्या दिवशी फरफटत अनुसयाबाईच्या मांडीशी आला. काय झालं ते तिला तेव्हा कळलं. तिनं गुंडामागून गुंड त्याच्या अंगावर रिकामे केले. भुऱ्यानं अंग चोरलं नाही. दिवे लागायच्या आत तो गेला.

"म्याच म्हटलं होतं, आंघोळ घाल मनून," रुख्माबाई पुटपुटली आणि त्या रात्री जेवली नाही.

सकाळी बबनराव म्हणाले, "टप धुऊन ठेवजो. ढोराईले पाणी पाजाच्या कामी येते."

अनुसयाबाईनं सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, आणली आणि माझ्या बुडात घातली. एकदा, दोनदा, मग मोजलंच नाही.

"काऊन फोडून राह्यली वं? चांगला टप हाये."

"चांगला दिसते मनूनच फोडून राह्यली," ती म्हणाली. "उद्या कोनी याच्यात लेकराले बसवन."

मला दुखलं, पण तिचा राग आला नाही. ती रडत होती.

आता मी धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, गंजत पडलो आहे. मित्रांनो, विषाच्या भांड्याची दया करू नका. ते कितीही मजबूत असो, घासून ठेवू नका, फोडून टाका. आणि एखादा भेदरलेला जीव तुमच्या शब्दावर उभा राहिला, तर त्याच्या अंगावर काय ओतता ते आधी जाणत्याला नीट विचारून घ्या. तो विचारणार नाही.