साठ जणांचं सूप

सोमवारी एगॉनची गाडी मागच्या दाराला लागली की विबेके बाह्या सरसावून बाहेर यायची. एगॉनच्या शेतातलं जे बाजारात कुणी घेत नसे, म्हणजे दोन पायांची गाजरं, तडकलेले कोबी, गारांचा मार खाल्लेली सफरचंदं, ते तो डेन्मार्कमधल्या हॉर्सेन्स गावातल्या या वस्तीच्या जेवणघरात आणून टाकी. त्यातून विबेके तीन दिवसांची जेवणं बसवी. बाहेर एका कॉफीला पडतात तेवढ्याच क्रोनरमध्ये एकेक जण, अशी साठ माणसं पोटभर जेवून जात. मऊ पडलेलं मंगळवारी, सुरकुतलेलं बुधवारी, टणक ते गुरुवारी. राय नावाच्या धान्याच्या शिळ्या पावाची पेज, आणि साली-देठं उकळून काढलेलं पाणी पुढच्या सुपाला. कचऱ्याची बादली आठवड्यातून एकदाच भरे, आणि त्याचा तिला कोण अभिमान!

हे सगळं चाले तिच्या नाकावर. डाग किती खोल गेलाय ते डोळ्यांना दिसत नाही. ती फळ नाकाशी नेई आणि सांगे, "हे आज. हे उद्या. हे डुकरांना." बावीस वर्षांत तिचा अंदाज चुकला नव्हता.

जानेवारीतल्या तापानंतर तेच नाक गेलं. कॉफी म्हणजे गरम पाणी, साबण म्हणजे काहीच नाही. सात आठवडे झाले, तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. आज येईल, उद्या येईल, म्हणत रोज सकाळी कांदा कापून हुंगायची. डोळ्यांतून पाणी येई, वास मात्र नाही. स्वयंपाकघरात तिचे पाय एका जागी ठरेनासे झाले. फ्रिज तीनतीनदा उघडी, सफरचंद उचली, ठेवी, पुन्हा उचली. फळ्यावर मंगळवारचं जेवण लिही आणि पुसून टाकी.

"पायाला भिंगरी लावलीयेस का गं?" टोवे विचारी. टोवेनं जन्मभर टपाल वाटलं. निवृत्त झाल्यापासून ती इथं भाज्या चिरे आणि त्याच्या दुप्पट बोले.

"कामं पडलीत. तू चीर."

त्या मंगळवारी टोवे दाताच्या डॉक्टरकडे गेली होती. विबेके एकटीच. मोठ्या पातेल्यात गुरुवारचं सालींचं पाणी होतं. ते त्याच संध्याकाळी फ्रिजमध्ये ठेवलं, की गार व्हायला ओट्यावर ठेवलं आणि शुक्रवारी दुपारी आत सारलं, हे तिला काही केल्या आठवेना. झाकण काढलं. पाणी सोनेरी, नितळ. हुंगलं. काही नाही. चाखलं, तर नुसतं मीठ. ती खिडकीपर्यंत गेली, परत आली. ओतून द्यावं तर एवढं मोठं पातेलं. आणि चांगलं असलं तर? सेलरीचे कंद चिरून तयार होते. तिनं पातेलं शेगडीवर चढवलं.

टोवे पाच वाजता आली, अर्धा गाल बधिर घेऊन. दारातच थबकली.

"विबेके, हे काय शिजतंय?"

"सेलरीचं सूप. का गं?"

"वास घेतलास याचा?"

"मग? न घेताच चढवीन?"

टोवेनं झाकण उचललं आणि तोंड फिरवलं. "परत घे. माझ्यासमोर."

विबेके पातेल्यावर वाकली. गालांना वाफ लागली, बस्स. टोवे टक लावून बघत होती. काहीतरी म्हणायला हवं होतं.

"मिरी जरा कमी आहे," विबेके म्हणाली.

टोवे मटकन खुर्चीवर बसली. "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"अगं, ओल्या कुत्र्यासारखं घाणतंय हे! नाक कधीपासून बंद आहे तुझं?"

भर चौकात कुणी अंगावरचा कोट ओढून घ्यावा तसं विबेकेला झालं. "जानेवारीतल्या तापापासून. सात आठवडे."

"आणि आम्ही सात आठवडे जेवतोय?"

"झालं का कुणाला काही?"

"आज झालं असतं. पोरंबाळं येतात इथं, विबेके."

दोघींनी पातेलं धरून मोरीत उपडं केलं. सूप गुडगुडत गेलं आणि ती ओठ दाबून बघत राहिली. सहाला दार उघडायचं होतं.

"बटाटे," ती एकदम म्हणाली. "घट्ट असतील तेवढेच घे, मोड खुडून बारीक चीर. कोबी लोण्यात परतू, वर सफरचंदाच्या फोडी. कालचा पाव तळून कुरकुरीत करू. पण प्रत्येक वस्तू आधी तुझ्या नाकाखालून जाईल."

"गाल बधिर आहे, नाक शाबूत आहे," टोवे म्हणाली आणि सुरी उचलली.

जेवण वीस मिनिटं उशिरा लागलं. "मी सांगू का लोकांना?" टोवेनं हळूच विचारलं. "नको," म्हणून विबेके स्वतः टेबलांमध्ये जाऊन उभी राहिली आणि सगळं सांगितलं, पातेल्याचंही. एक म्हातारा काटा ठेवून कोट चढवू लागला. मारेन नावाची तरुण आई दोन मुलींना घेऊन बसली होती. तिनं सरळ विचारलं, "मागच्या आठवड्यातली पेज?"

"तीही. मला वास येत नव्हताच."

मारेननं मुलींपुढच्या ताटल्या दूर सरकवल्या आणि दोघींना हाताला धरून बाहेर गेली.

मग कोपऱ्यातून चौऱ्याऐंशी वर्षांच्या आस्तानं आवाज दिला, "माझं नाक जाऊन बारा वर्षं झाली. मी येते ती तुझ्या बिटाच्या लोणच्यासाठी. दाताखाली कुरकुरतं ना. आज का नाही?"

लोक हसले. विबेके हसली नाही. ती बरणी घेऊन आली, पण आधी टोवेपुढे धरली.

पुढच्या सोमवारी पेट्या आल्या तेव्हा टोवे एकेक फळ हातात घेऊन डोळे मिटून हुंगत बसली. विबेके येरझाऱ्या घालत होती. "अगं, लग्न जुळवत नाहीयेस! वीस पेट्या आहेत."

"मग तू चिरायला घे," टोवे म्हणाली, आणि विबेकेनं घेतलं.

आधीच्या बुधवारी, गुरुवारी मारेन आली नव्हती. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सहाला ती मुलींसह दारात उभी राहिली. "हुंगतंय कोण?"

"टोवे."

त्या दाराजवळच्या टेबलाशी बसल्या, कोट न काढता. विबेकेनं स्वतः तीन ताटल्या वाढल्या आणि तिथंच हात पुसत उभी राहिली. धाकटीनं गाजर काट्याला टोचलं, उलटसुलट बघितलं आणि खाल्लं. मारेननं लेकीकडे पाहिलं, मग स्वतःची ताटली ओढली. कोट मात्र तिनं काढलाच नाही.