टाचेचे पंख

घरजावई होणं हे मुळातच जिवावरचं काम, त्यात सासरा देवळाचा पुजारी असला की विचारायलाच नको. पाथरवटाने ते हसत पत्करलं होतं, कारण सासऱ्याच्या घरामागचं अंगण ऐसपैस होतं आणि त्याला दगड ठेवायला जागा हवी होती. बायकोही आवडली होती, हे तो मागाहून आठवणीने सांगायचा.

त्या अंगणात तो देव घडवायचा, पण बिनडोक्याचे. त्याच्या कामाची रीतच तशी होती. धडं आधी घडवून ठेवायची, मानेत खोबण पाडायची आणि गिऱ्हाईक आलं की त्याला हवं ते डोकं बसवून द्यायचं. रुंद छातीचं एकच धड कुणासाठी समुद्राचा देव व्हायचं, तर कुणासाठी दिवंगत काका. यात त्याला काही वावगं वाटत नसे.

मग शहरात ख्रिस्ताला मानणाऱ्यांचे दिवस आले. आधी चार घरं दारं लावून जमायची, मग आख्खी गल्ली जमू लागली, आणि शेवटी खुद्द सम्राटच त्यांच्या बाजूचा झाला. जुन्या देवळांना कुलपं लागली. सासरेबुवा ज्याची पूजा करायचे त्या वाटसरूंच्या देवाचंही देऊळ बंद झालं, आणि नेमकी तेव्हाच पाथरवटाची बायको त्या नव्या मंडळीत सामील झाली.

त्या दिवसापासून बापलेक एकमेकांशी बोलेनासे झाले. घर एक, चूल एक, जेवायचं टेबल एक, आणि मधे पाथरवट.

"जावईबापू, तुमच्या बायकोला सांगा, रश्शात मीठ नाही."

"अहो, बाबांना सांगा, मीठ त्यांच्या कोपरापाशीच आहे."

दोघं हातभर अंतरावर बसलेली. पाथरवट इकडून तिकडे मान वळवून निरोप पोचवायचा, आणि रात्री बायकोकडून मानेला तेल चोळून घ्यायचा. एकदा दोन्ही बाजूंनी एकदमच निरोप सुटले. त्या घाईत त्याने टक्कल पडलेल्या सासऱ्याला केस बांधून चुलीपाशी जायला सांगितलं आणि बायकोला म्हणाला, दाढीचं खरकटं पुसून घे. हसलं मात्र कुणीच नाही. त्याला आता कुठलाही देव चालला असता. फक्त या दोघांनी एकमेकांशी सरळ बोलावं, एवढंच त्याचं मागणं होतं.

एके दिवशी मंडळीचे प्रमुख अंगणात आले. पूर्वी तेलाचा व्यापार करायचे, त्यामुळे आवाज भर बाजारात पोचेल असा.

"आम्हाला मेंढपाळ हवाय," ते म्हणाले. "खांद्यावर कोकरू घेतलेला. आमचा प्रभू हरवलेल्यांना असाच उचलून आणतो. धान्याचं जुनं कोठार मिळालंय आम्हाला, तिथे रविवारी पहिली प्रार्थना आहे."

"कुठल्या रविवारी?"

"याच रविवारी. तुमच्या पत्नीने सगळ्यांसमोर शब्द दिलाय. म्हणाली, आमच्या ह्यांच्या हातचा मळ आहे तो."

हातच्या मळाने रविवारपर्यंत कोकराचा एक कान झाला असता. पण बायकोचा शब्द पडला होता. तो पडू दिला, तर मंडळीत तिला खाली मान घालून बसावं लागलं असतं, आणि घरात सासरेबुवांना आयतं कोलीत मिळालं असतं.

अंगणाच्या कोपऱ्यात एक जुनं धड उभं होतं. खांद्यावर कोकरू, आखूड अंगरखा, एक पाऊल पुढे. सासरेबुवांच्या देवळासाठीच घडवलेला वाटसरूंचा देव तो. डोकं बसवायच्या आधीच देवळाला कुलूप लागलं म्हणून तसाच राहिला होता. सासरेबुवा रोज सकाळी त्याच्यापाशी स्टूल टाकून बसायचे. ऊन खात असतील, असं पाथरवटाला वाटायचं. मूर्तीच्या पायाशी दगड ओला दिसायचा, तेव्हा तो म्हणायचा, म्हातारा माणूस, कलंडला असेल पेला.

त्याने दिवसरात्र खपून एक सौम्य डोकं घडवलं. समोर बसायला कुणी नव्हतं, म्हणून पाण्याच्या हौदात स्वतःचंच तोंड बघून घडवलं. शनिवारी दुपारी सासरेबुवांचा डोळा लागल्यावर मूर्ती गोणपाटात गुंडाळली, हातगाडीवर चढवली आणि कोठारात नेऊन उभी केली. सगळं निभावलं या आनंदात तो गाढ झोपला.

रविवारी सकाळी वहाणेचा पट्टा बांधायला तो वाकला, स्वतःच्या टाचेवर नजर गेली, आणि पट्टा हातातून सुटला. वाटसरूंच्या देवाच्या टाचांना पंख असतात! पीस न् पीस त्यानेच कोरलं होतं, आणि तासून टाकायचं साफ विसरला होता.

तेवढ्यात अंगणातून हाक आली, "जावईबापू! माझा देव कुठाय?"

हातात पेला घेऊन सासरेबुवा रिकाम्या कोपऱ्यासमोर उभे होते. तो ओला दगड म्हणजे काय, हे पाथरवटाला तेव्हा कळलं. देऊळ बंद झालं तरी म्हाताऱ्याने पूजा बंद केली नव्हती. स्वतःची त्याला भयंकर लाज वाटली. पण लाज वाटून घ्यायलाही सवड नव्हती, कारण सासरेबुवा काठी घेऊन, हातगाडीच्या चाकांच्या खुणा बघत, केव्हाच रस्त्याला लागले होते.

"वार आमच्या सूर्याचा घेतला," ते काठी आपटत चालले होते, "धूप आमच्या देवळातला उचलला, आणि आता देवही आमचाच!" मागून पाथरवट एका पायात वहाण घालून पळत होता.

कोठाराला चुना दिला होता, तरी धान्याचा वास गेला नव्हता. बाकं भरलेली होती. मूर्तीसमोर पाथरवटाची बायको दिवा घेऊन उभी होती. सासरेबुवा मधल्या वाटेने सरळ पुढे गेले. बाकांवरच्या माना वळल्या. त्यांनी नव्या डोक्याकडे पाहिलंही नाही, ते तडक मूर्तीच्या मागे गेले. वाटसरूंच्या देवाला मागूनच नमस्कार करायची रीत, कारण तो नेहमी निघायच्या तयारीत. बोटं आपसूक टाचेवर गेली आणि पंखावर थांबली.

बायकोचा चेहरा पांढरा पडला. लहानपणी देवळात बापाच्या कडेवरून उतरून तिनेही त्या देवाच्या टाचेला हात लावला होता. मागे काय आहे ते तिला न बघताच कळलं.

प्रमुखही मागे आले. वाकले. "हे काय? टाचेला पंख?"

पाथरवटाने डोळे मिटून घेतले. सासऱ्याच्या एका वाक्यात सगळं संपणार होतं.

सासरेबुवांनी लेकीकडे पाहिलं. ती त्यांच्याकडेच बघत होती. ते जरासे खाकरले.

"हरवलेल्या कोकरामागे धावायचं," ते म्हणाले, "तर जड पायांनी कसं जमेल?"

प्रमुख ताडकन उभे राहिले. मग त्यांचा बाजारातला आवाज कोठारभर घुमला. "वा! कुणी शिकवलं हो हे तुम्हाला?"

"आयुष्यभर हेच सांगत आलोय मी," सासरेबुवा म्हणाले, आणि त्यात तसूभरही खोटं नव्हतं.

प्रमुख लगबगीने पुढे गेले आणि प्रवचनाला त्याच वाक्याने सुरुवात केली, जणू रात्रभर जागून त्यांनाच ते सुचलं होतं. बाकांवर बायका डोळे पुसू लागल्या.

सासरेबुवा मूर्तीच्या पुढे आले. दिव्याकडे पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"जावईबापू, तुमच्या बायकोला सां—" ते मधेच थांबले. मग लेकीकडे वळले. "वात खाली कर. काजळी धरेल त्याच्या तोंडावर."

तिने वात खाली केली. "अशी?"

"अजून."

"बाबा," ती दिवा सावरत म्हणाली, "रोज सकाळी याल? आमच्यात दिव्याचं कुणाला काही कळत नाही."

"येईन. पायावर पाणीही घालावं लागतं."

"घाला ना."

पाथरवटाला भरून आलं. डोळे पुसत तो दोघांच्या मधे येऊन उभा राहिला. "मी काय म्हणतो—"

"तुम्ही जरा बाजूला व्हा हो," बायको म्हणाली, आणि त्याच्या खांद्यावरून पलीकडे वाकली. "बाबा, देवाचं नाक बघितलंत?"

सासरेबुवांनी पहिल्यांदाच मान वर करून नीट पाहिलं. मग जावयाकडे पाहिलं. मग पुन्हा वर.

"अरे देवा," ते म्हणाले. "आता याच्याही पाया पडायचं?"