टोपणभर जास्त

धरणाच्या मधोमध मोटार बंद पडली तेव्हा लंकाबाईंच्या होडीत द्राक्षबागेला निघालेल्या बाया होत्या. वल्ही मारत सगळ्या कशाबशा काठाला लागल्या. सोमनाथनं आईला सरळ सांगितलं, "आये, आता भंगारात टाक ही मोटार. लय झालं."

लंकाबाई मोटारीवर हात फिरवत राहिल्या. गेल्या श्रावणात नात आरोहीला साप चावला, तेव्हा सडकेनं मोठा वळसा पडला असता. याच जुन्या मोटारीनं पोरीला वेळेत पलीकडे, दवाखान्यापाशी पोचवलं होतं. ती भंगारात कशी टाकायची?

दुसऱ्या दिवशी नाशिकहून शाहनवाज मिस्त्री आला. जुन्या स्कूटरींवर त्याचा हात बसलेला, आणि होडीचं इंजिनही त्यांच्यासारखंच टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणारं. त्यानं दोन्ही स्पार्क प्लग काढले, आळीपाळीनं एकेका भोकात दाब मोजायचा गेज बसवला आणि सोमनाथला दोरी ओढायला लावली. वरच्या सिलिंडरला काटा झपकन चढला. खालच्याला निम्म्यावरच अडखळला.

"कॉम्प्रेशन नाय मावशी. खालचा दाब धरत नाय."

"मेली का रं?"

"थांबा की! लगेच मयताला कुठं निघालात?"

त्यानं खालच्या भोकात थोडं ऑइल सोडलं आणि पुन्हा दोरी ओढायला लावली. काटा वर सरकला.

"ऑइलनं फट बुजली म्हणून चढला. म्हणजे पिस्टनच्या रिंगा धरत नायत. आत ओरखडे नसले तर वाचली. असले, तर सोमनाथभाऊ म्हणतात तसं करा."

त्यानं इंजिन खोललं. सिलिंडर आतून पुसून त्यावर हळूच नख फिरवलं. लंकाबाईंनी पदर मुठीत गच्च धरला होता.

"गुळगुळीत हाय."

मग त्यानं पिस्टन पुढे केला. पातेल्याच्या बुडाला दूध करपावं तशी काळी काजळी खाचांत बसली होती, आणि रिंगा तिच्यात रुतल्या होत्या.

"मावशी, पेट्रोलमध्ये ऑइल किती घालता?"

"डब्यावर लिव्हलंय तेवढंच. आन वर टोपणभर."

"ते वरचं कशाला?"

लंकाबाईंनी पाण्याकडे पाहिलं. "आरोहीला पोचवलं तवापासनं घालते. मोटारीनं एवढं केलं. आपण नुसतं मापात कसं द्यायचं?"

"घ्या!" सोमनाथ म्हणाला. "म्हणजे तूच घसा दाबलास तिचा."

"गप रे भाऊ," शाहनवाज म्हणाला. "लाड केले मावशीनं. जास्तीचं ऑइल नीट जळत नाय, त्याचीच काजळी झाली."

दुपारभर त्यानं पिस्टन काजळी सुटायच्या औषधात भिजवला, रिंगा अलगद सोडवल्या आणि जुन्या रिंगेच्या तुकड्यानं खाचा खरवडल्या. नवं गॅस्केट घालून इंजिन जोडलं. गेज पुन्हा लावला, तेव्हा खालचा काटा वरच्याच्या जवळ जाऊन थांबला. लंकाबाईंनी आधी मोटारीला हात जोडले, मग मिस्त्रीला.

"मला कशाला? तीच टिकून राहिली. आता मापातच घाला. हळदकुंकू कितीबी लावा, पण बाहेरून!"

सकाळी बाया होडीत बसल्या. लंकाबाईंनी माप ओतलं. हात सवयीनं टोपणाकडे गेला, तिथंच थांबला. त्यांनी डबा बंद केला, कमरेची पुडी सोडली आणि मोटारीच्या झाकणाला कुंकवाचं मोठं बोट लावलं.

दोरी एकदाच ओढावी लागली.