सुपरिंटेंडेंट बेल यांची पापणी

“एकोणीस वेळा,” गाइल्स म्हणाला. “सहा एपिसोड्समध्ये एकोणीस वेळा ‘बेल हाताची घडी घालते’. ऐकणाऱ्याला वाटेल, आम्ही त्या बाईला दुसरं काही करायलाच दिलं नाही.”

मृणालने आपल्या कागदाकडे पाहिलं. तिच्या हिशेबाने एकवीस होत होते. पण आलेल्या माणसाला तोंडावर खोटं पाडू नये असं नागपूरला शिकवलेलं असल्यामुळे तिने तो आकडा कागदावरच ठेवला.

क्रॉयडनमधल्या ऑफिसची ही काचेची मीटिंग रूम पाचव्या मजल्यावर होती. गाइल्स एका ब्रिटिश टीव्ही मालिकेचा निर्माता. त्याच्या शेजारी मृणालची मॅनेजर फिलिपा, जी कुणीही काहीही बोललं की आधी मान हलवायची आणि मग ऐकायची. आणि टेबलाच्या टोकाला, पांढरी काठी मांडीवर आडवी ठेवून, मिसेस अर्नेस्टीन बातीस्त. वय अठ्ठ्याहत्तर, ब्लॅक, जन्म डॉमिनिका बेटावरचा, काचबिंदूने दृष्टी जाऊन बारा वर्षं झालेली. काम पूर्ण झालं की ते अंध श्रोत्यांच्या एका पॅनेलला ऐकवायचा या कंपनीचा शिरस्ता होता, आणि पॅनेलच्या वतीने मीटिंगला येऊन बसायचा मिसेस बातीस्त यांचा.

मृणाल मेश्रामचं काम सांगायला सोपं होतं. टीव्हीवर जे दिसतं ते, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी शब्दांत लिहायचं. मात्र दोन संवादांच्या मध्ये जी फट पडते तेवढ्यातच. दोन सेकंदांची फट असेल तर पाच शब्द, चारची असेल तर दहा. मग एक कसलेला आवाजवाला ते वाचून रेकॉर्ड करतो. नऊ वर्षं ती हेच करत होती. तिचा नवरा प्रज्ञेश सॉफ्टवेअरमध्ये होता आणि ओळख करून देताना म्हणायचा, “ही टीव्ही बघते. मी नाही म्हणत, हिच्या ऑफर लेटरमध्ये लिहिलंय.”

या मालिकेचा नायक डॅनियल नावाचा डिटेक्टिव्ह होता. तो झोपत नव्हता, दाढी करत नव्हता, त्याची बायको सोडून गेलेली होती, आणि या तीन गोष्टींवरून तो फार हुशार आहे हे प्रेक्षकांनी ओळखायचं होतं. सुपरिंटेंडेंट बेल ही त्याची साहेब. पन्नाशीची, ब्लॅक, उंच. ती डॅनियलच्या खोलीच्या दारात यायची, हाताची घडी घालायची, “तुझ्याकडे चोवीस तास आहेत” म्हणायची आणि जायची. तिला घर नव्हतं. भूक नव्हती. सहा स्क्रिप्ट्स उलटसुलट चाळूनही मृणालला तिचं पहिलं नाव सापडलं नव्हतं. एवढ्या हुद्द्याच्या बाईला त्या अख्ख्या पोलीस स्टेशनात बसायला एक खुर्ची नव्हती.

पहिल्या भागात बेल दारात आली तेव्हा मृणालने लिहिलं होतं, ‘पन्नाशीची एक ब्लॅक स्त्री’. फिलिपाने ‘ब्लॅक’ खोडलं. “गोष्टीला गरज असेल तरच रंग सांगायचा, मृणाल. आपण रंग बघत नाही.”

“बरोबर,” मृणाल म्हणाली होती. “ऐकणारे तर मुळीच बघत नाहीत.”

फिलिपाला ही सहमती वाटली.

पण त्याच आठवड्यात मिसेस बातीस्तचा फोन आला होता. त्यांनी हॅलोसुद्धा म्हटलं नाही. “डार्लिंग, एक सांग. ती बेल. ती आमच्यातली आहे ना?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“कुणी तिला चहा विचारत नाही, त्यावरून.”

फोन ठेवल्यावर मृणालला आईची आठवण झाली होती. विमलाबाईंना मालिका फारशा आवडत नसत, पण शेवटी नावं वर सरकायला लागली की त्या चष्मा लावायच्या आणि आडनावं वाचत बसायच्या. “आपल्यातलं आहे का गं कोणी?” असायचं एखादं. बहुतेक वेळा जेवणाची व्यवस्था बघणाऱ्यांत. आणि विमलाबाईंची आई तर ज्या घरी काम करायची त्या घराचा उंबरठा तिने कधी ओलांडला नव्हता. दारात उभं राहणं म्हणजे काय, हे मृणालला कुठल्या पुस्तकातून शिकावं लागलेलं नव्हतं. म्हणून मग बेल जेव्हा जेव्हा दारात आली तेव्हा तेव्हा मृणालने फट शोधली. फट दीड सेकंदाची असली तरी. ‘बेल दारात. हाताची घडी.’ तिने एक शब्दही पदरचा घातला नाही. जे होतं ते फक्त मोठ्याने म्हटलं.

डोळ्यांना जे सहा तास चालून गेलं होतं, ते कानांना चालेना.

“हे अनफेअर आहे,” गाइल्स म्हणाला. “आम्ही तिला बॉस केलंय! दहा वर्षांपूर्वी तिला काय मिळालं असतं? नर्स. मेलेल्या मुलाची आई. आम्ही तिला सरळ सुपरिंटेंडेंट केलं.”

“मी बॉस होते,” मिसेस बातीस्त म्हणाल्या.

गाइल्सने पेन खाली ठेवलं.

“थॉर्नटन हीथच्या बस गॅरेजमध्ये. एकोणीस वर्षं. तुझ्या घड्यांइतकी. दोनशे दहा ड्रायव्हर. मला खुर्ची होती, तिच्यावर उशी होती. मी दुपारी दीडला फिश सँडविच खायचे आणि त्याबद्दल तक्रारी यायच्या. मी डेरेकवर ओरडायचे, मग त्याच्या गुडघ्याची चौकशी करायचे. दारात उभी राहून हाताची घडी मी एकदाच घातली, दार लागत नव्हतं आणि थंडी होती म्हणून. तुझी ही बाई ऑफिसात काम करते की भिंतीला टेकवून ठेवलीय?”

“वंडरफुल,” फिलिपा म्हणाली. “किती छान फीडबॅक.”

गाइल्सने पुढचं पान काढलं. त्याला खरं बोलायचं होतं ते याच पानावर. “सहावा एपिसोड. क्लायमॅक्स. बेल डॅनियलच्या आड येते आणि गोळी स्वतःवर घेते. तो तिच्याजवळ गुडघे टेकतो. चार सेकंद पूर्ण शांतता. इथे डॅनियलच्या डोळ्यातून अश्रू येतो. सहा तासांत पहिल्यांदा! संपूर्ण मालिका या अश्रूसाठी आहे. आणि तू काय लिहिलंयस?” त्याने चष्मा वर केला. “‘बेल जमिनीवर निपचित. तिची पापणी लवते.’ पापणी लवते? मृणाल, ती मेलीय.”

“मेली?” मिसेस बातीस्त ताठ झाल्या. “कधी?”

“तिथेच. त्या क्षणी.”

“आम्ही पाच जणांनी ऐकलं. पापणी लवली म्हणजे जिवंत आहे, असं आमचं एकमताने ठरलं. मी जिंजर केक कापला.”

“आय ॲम सो सॉरी,” गाइल्स म्हणाला, एखाद्या खऱ्या मयताला आल्यासारखा. मग मृणालकडे वळला. “हे असं होतं. तुझं काम आहे चित्रात दिसतं ते सांगायचं. आपल्याला आवडेल ते नाही.”

मृणालने लॅपटॉप फिरवला आणि त्याच्यासमोर ठेवला. बटण दाबलं.

पडद्यावर डॅनियल गुडघ्यांवर बसला. त्याचा गाल मोठा दिसू लागला. डोळा भरला. अश्रू निघाला, थबकला, ओघळला. अप्रतिम अश्रू होता. आणि खाली, डाव्या कोपऱ्यात, फरशीवर गाल टेकलेल्या सुपरिंटेंडेंट बेल यांनी डोळे उघडे ठेवता ठेवता एकदा पापणी मिटली आणि उघडली. अगदी व्यवस्थित. फरशी गार असावी.

गाइल्सने पुन्हा लावलं. पुन्हा लवली. तो स्क्रीनपाशी इतका वाकला की त्याचं नाक बेलच्या कपाळाला लागलं.

“हे... हे एडिटरने पाहिलं. त्याच्या असिस्टंटने पाहिलं. मी पाहिलं, चाळीस वेळा. चॅनेलने पाहिलं. अकरा जणांनी पास केलंय.” तो मागे टेकला, आणि खऱ्याखुऱ्या आश्चर्याने, मनात काहीही वाईट नसलेल्या माणसाच्या सुरात म्हणाला, “पण तिच्याकडे बघत कोण होतं?”

खाली रस्त्यावर ट्राम वळताना चाकांचा आवाज वरपर्यंत आला.

“हं,” मिसेस बातीस्त म्हणाल्या. “आता तू तुझ्या मालिकेचं खरं वर्णन केलंस.”

गाइल्सचा चेहरा लाल झाला, पण क्षणभरच. निर्मात्यांना फार वेळ लाल राहून चालत नाही. त्याने फोनवर कुणाला तरी काही विचारलं, दोनदा ‘यस’ म्हटलं, आणि तो खुलला. “सोपं आहे! रीशूट नको, काही नको. शॉट थोडा झूम करायचा. डॅनियलच्या चेहऱ्यावर. ती फ्रेमच्या बाहेर जाईल.”

“ब्रिलियंट,” फिलिपा म्हणाली. “मग वर्णनाचाही प्रश्न सुटला. चार सेकंद, अश्रू. मृणाल, लंचपर्यंत बदलशील ना?”

नऊ वर्षांत मृणालने शब्द मोजूनच वापरले होते. दहा शब्द, सहा शब्द, तीन. आता मोजायचं भान राहिलं नाही.

“ती जिवंत दिसली म्हणून तिला काढायचं?” ती म्हणाली. “सहा भाग ती तुमच्या दारात उभी होती, तेव्हा तुम्हाला ती दिसली नाही. मरताना ती त्याच्यासाठी मेली, तेव्हाही दिसली नाही. अकरा जण! त्या ॲक्ट्रेसने गार फरशीवर दिवसभर गाल टेकून काम केलं. तिच्याकडे बघायचं काम अख्ख्या देशात मी एकटीने केलं, आणि तेही न दिसणाऱ्या लोकांसाठी. आणि चूक कुणाची? पापणीची! आधी एकदा तरी तिला खुर्चीवर बसवा, मग काढा फ्रेमच्या बाहेर.”

“मृणाल,” फिलिपा म्हणाली, “आपण जरा श्वास घेऊया का?”

“तोच तर घेतला तिने!” मृणाल उठली. इंग्रजी तिथे संपलं. “लाज वाटू द्या जरा,” ती स्वच्छ मराठीत म्हणाली, आणि लॅपटॉप बंद केला.

“हे काय म्हणाली ती?” गाइल्सने विचारलं.

“मला भाषा येत नाही,” मिसेस बातीस्त म्हणाल्या, “पण मी सही करायला तयार आहे.”

सोमवारी मृणालला एक अतिशय प्रेमळ ईमेल आला. ती थकलेली वाटते, असं त्यात होतं. मालिका दुसऱ्या एका सहकाऱ्याकडे दिली होती, आणि मृणालला कुंपणाच्या झाडांवरची आठ भागांची बागकामाची मालिका.

प्रज्ञेशने ईमेल दोनदा वाचला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. “एवढ्यात आपला इथे कायम राहायचा, सेटलमेंटचा अर्ज जायचाय, मृणाल. होम ऑफिसच्या व्हिसावाल्यांना काय सांगणार? पापणीसाठी भांडले म्हणून?”

“तू असतास तर काय केलं असतंस?”

त्याने कांदा चिरायला घेतला. “मी मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून बसतो,” तो म्हणाला. “म्हणून मला कोणी काढत नाही.” मग थोड्या वेळाने, पाठमोराच, “बरं केलंस.”

मृणालने कुंपणं लिहिली. ‘माळी फांदी छाटतो. फांदी पडते.’ त्या मालिकेत प्रत्येक झाडाला दोन-दोन नावं होती, एक इंग्रजी, एक लॅटिन.

सहावा भाग लागून गेला त्यानंतरच्या रविवारी, दुपारी, मिसेस बातीस्तनी तिला बोलावलं. थॉर्नटन हीथच्या त्यांच्या बैठकीत गॅस हीटर, गॅरेजने निरोपाला दिलेलं पितळी घड्याळ आणि टीव्हीसमोर एकच मोठी खुर्ची; तिच्यावर त्यांनी मृणालला बसवलं आणि स्वतः शेजारच्या सोफ्यावर बसल्या. त्यांनी तो भाग मुद्दाम ठेवला होता, पाहिला नव्हता. “एकटीने ऐकायचा नव्हता,” एवढंच त्या म्हणाल्या.

दोघी ऐकत होत्या. घड्या काढून टाकल्या होत्या. बेल बोलायची तेव्हा फक्त आवाज यायचा आणि मग दार लागल्याचा. गोळी सुटली. कुणीतरी पडलं. चार सेकंदांच्या शांततेत तो कसलेला आवाज हळुवारपणे म्हणाला, “डॅनियलच्या गालावरून एक अश्रू ओघळतो.”

मिसेस बातीस्तनी हात वर केला. “थांबव.”

मृणालने थांबवलं.

“ती कुठे आहे?”

“काढली. सगळा त्याचा चेहरा आहे.”

“नीट बघ, डार्लिंग. ते लोक घाईत असतात.”

मृणाल खुर्चीतून उतरली, टीव्हीपुढच्या गालिच्यावर गुडघे टेकून बसली. पडदा भरून तो गाल होता, त्यावर तो थेंब. ती कडेकडेने बघत गेली, वरून खाली, उजवीकडून डावीकडे, नऊ वर्षांच्या सवयीने. अगदी खालच्या काठाशी, डॅनियलच्या कोटाच्या गडद कापडालगत, काहीतरी तपकिरी होतं.

“बोटं राहिलीत,” ती म्हणाली. “दोन. तिच्या हाताची.”

मिसेस बातीस्त पुढे वाकल्या. त्यांची काठी घसरून खाली पडली, ती त्यांनी उचलली नाही.

“हलताहेत?”

मृणालने चित्र मागे नेलं, गोळीच्या आवाजापर्यंत. मग एकेक फ्रेम पुढे घेऊ लागली.

“घाई नाही,” मिसेस बातीस्त म्हणाल्या. “सावकाश सांग.”